आकड्यांवरून स्थळाकडे : हाती धरावयाचे जीपीएस यंत्र व त्याचा पायवाटेवरील उपयोग

एखादे स्थळ कोठे आहे हे दुसऱ्यास सांगावयाचे असले म्हणजे मनुष्य सामान्यतः खुणांचा आश्रय करितो. ‘ओढा ओलांडून डावीकडे वळा, पुढे जुना वड लागेल, त्याच्या पाठीमागे विहीर आहे,’ असे आपण सांगतो. परंतु वड उन्मळून पडतो, विहीर बुजते आणि अपरिचित प्रदेशातून येणाऱ्यास तर या खुणांचा काहीच उपयोग होत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी भूगोलशास्त्राने पृथ्वीच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूस अक्षांश व रेखांश अशा दोन संख्या नेमून दिल्या. पूर्वी या संख्या काढण्यास सूर्याचे वा ताऱ्यांचे वेध घ्यावे लागत व त्यासाठी बराच अभ्यास लागे. आज तळहातावर मावणारे एक यंत्र हेच कार्य काही सेकंदांत करिते. हे यंत्र स्थान कसे ओळखते, त्याने दिलेल्या संख्या कशा वाचाव्यात आणि रानावनात त्यावर किती विसंबावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बादलीचा शोध

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या जीपीएस यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ही यंत्रणा पूर्ण क्षमतेने कार्य करू लागली. तथापि सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत त्या काळी हेतुपुरस्सर दोष मिसळलेला असे. त्यामुळे स्थाननिश्चितीत सुमारे १०० मीटरांपर्यंत चूक होई. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी हा दोष काढून टाकण्यात आला व चूक एकाएकी १० ते २० मीटरांवर आली. या सुधारणेचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळेल. १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दडविलेली वस्तू शोधावयाची, तर तीन हेक्टरांहून अधिक रान धुंडाळावे लागते. त्रिज्या १० मीटर असल्यास त्याच्या अवघा शंभरावा भाग पाहिला तरी पुरतो.

ही सुधारणा किती खरी आहे हे पडताळून पाहावे, या हेतूने डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावानजीकच्या रानात एक प्लॅस्टिकची बादली ठेविली. तीत एक वही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू होत्या. त्यांनी त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटद्वारे प्रसिद्ध केले आणि शोधणाऱ्याने एखादी वस्तू घ्यावी, आपली एखादी ठेवावी व वहीत नोंद करावी, असे सुचविले. तीन दिवसांच्या आत दोन व्यक्तींनी केवळ त्या दोन संख्यांच्या बळावर बादली शोधून काढली. याच महिन्यात या खेळास ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘कॅश’ म्हणजे दडवून ठेविलेला साठा. आज जगातील बहुतेक देशांत असे लक्षावधी डबे ठेविलेले आढळतात. शोध किती कठीण व वाट किती बिकट, हे दर्शविण्यासाठी प्रत्येक डब्यास एक ते पाच अशा श्रेणी देण्यात येतात.

यंत्र काय ऐकते?

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून भ्रमण करितात. यंत्रणेस किमान २४ उपग्रह लागतात. प्रत्यक्षात तीसच्या आसपास कार्यरत असतात. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असते आणि तो रेडिओलहरींद्वारे एकसारखे सांगत असतो, ‘मी या क्षणी अमुक जागी आहे.’ आपल्या हातातील यंत्र हा संकेत ऐकते. संकेत निघाल्याची वेळ व पोचल्याची वेळ यांतील अंतरास प्रकाशाच्या वेगाने गुणिले, म्हणजे तो उपग्रह किती दूर आहे हे कळते. उपग्रह माथ्यावर असता हा प्रवास सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात घडतो.

एका उपग्रहापासूनचे अंतर कळले, तर आपण त्याच्याभोवतीच्या एका कल्पित गोलावर कोठेतरी आहोत एवढेच ठरते. दुसरा गोल पहिल्यास एका वर्तुळात छेदितो आणि तिसरा त्या वर्तुळास दोन बिंदूंत. त्यांपैकी एक बिंदू भूपृष्ठापासून फार दूर असल्याने तो सोडून देता येतो. मग चौथा उपग्रह कशासाठी? आपल्या यंत्रातील घड्याळ साध्या स्फटिकाचे असते. त्यात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. ही घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी होय, आणि चार अज्ञात राशी काढण्यास चार समीकरणे हवीत.

येथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावादही हिशेबात घ्यावा लागतो. उंचावरील क्षीण गुरुत्वाकर्षण आणि उपग्रहाचा वेग यांच्या एकत्रित परिणामाने उपग्रहावरील घड्याळ पृथ्वीवरील घड्याळाच्या मानाने दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचली असती.

आज मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्र सुमारे पाच मीटरांपर्यंत अचूक स्थान दाखविते. रशिया, युरोप व चीन यांच्या उपग्रहांचे संकेतही अनेक यंत्रे ऐकतात. भारताच्या ‘नाविक’ यंत्रणेचा पहिला उपग्रह २०१३ साली सोडण्यात आला असून तिचे संकेत ग्रहण करणारी यंत्रेही निघाली आहेत. परंतु उंच कड्याच्या पायथ्याशी, अरुंद दरीत वा दाट झाडीत आकाशाचा बराच भाग झाकला जातो. तसेच संकेत कड्यावर आपटून लांबच्या वाटेने येतात. अशा ठिकाणी चूक सहजच कित्येक पटींनी वाढते. म्हणून डब्याच्या निकट पोचल्यावर यंत्राकडे पाहणे थांबवून डोळ्यांनी शोधू लागावे, अशी अनुभवी मंडळींची रीत आहे.

संख्या कशा वाचाव्यात?

अल्मर यांनी बादलीचे स्थान ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर आणि १२२ अंश २४.८०० मिनिटे पश्चिम असे दिले होते. अंश आणि दशांशयुक्त मिनिटे ही या खेळातील रूढ पद्धती होय. परंतु हेच अक्षांश ४५ अंश १७ मिनिटे २७.६ सेकंद असेही लिहिता येतात, किंवा ४५.२९१०० अंश असेही. तिन्ही लेखन शुद्ध आहेत, स्थळही एकच आहे. घोटाळा होतो तो एका पद्धतीची संख्या दुसऱ्या पद्धतीने वाचल्यास.

समजा, कोणी १७.४६० मिनिटे ही संख्या १७ मिनिटे ४६ सेकंद अशी वाचली. एक सेकंद अक्षांश म्हणजे भूमीवर सुमारे ३१ मीटर. म्हणजे हा शोधक बादलीपासून सुमारे ५७० मीटर उत्तरेस जाईल. तीच संख्या कोणी ४५.१७४६० अंश अशी यंत्रात भरली, तर चूक सुमारे १३ किलोमीटरांची होईल. यंत्र त्याबद्दल तक्रार करणार नाही, कारण दोन्ही संख्या पृथ्वीवरील खऱ्या जागा दर्शवितात. यंत्रात संख्या भरण्यापूर्वी ते कोणत्या पद्धतीवर लाविले आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नकाशाचा आधार

पद्धती जुळली तरी आणखी एक गोष्ट पाहावयाची राहते. पृथ्वी पूर्ण गोल नाही. ती ध्रुवांशी किंचित चपटी असून तिचा आकार गणितात बसविताना निरनिराळ्या देशांच्या भूमापकांनी निरनिराळी मापे घेतली. या मूळ आधारास भूमापनशास्त्रात ‘डेटम’ म्हणतात. आधार बदलला की त्याच दगडाचे अक्षांश-रेखांश बदलतात. जीपीएस यंत्रणा ‘डब्ल्यूजीएस ८४’ हा आधार मानते. परंतु अमेरिकेतील भूमापन खात्याचे अनेक जुने स्थलदर्शक नकाशे १९२७ सालच्या आधारावर काढलेले आहेत. ओरेगॉनमध्ये या दोहोंतील फरक सुमारे १०० मीटर भरतो. यंत्रावरील संख्या तशीच जुन्या कागदी नकाशावर मांडली, तर २००० साली महत्प्रयासाने दूर केलेली चूक आपण स्वहस्ते परत आणितो.

भारतीय वाचकांसही हे लक्षात ठेवणे इष्ट आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८३० सालच्या मापांवर आधारलेले आहेत. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी काढण्यात आलेली नवी मालिका मात्र ‘डब्ल्यूजीएस ८४’वर आहे. कोणताही नकाशा हाती येताच त्याच्या समासातील मजकूर प्रथम वाचावा. आधाराचा उल्लेख तेथेच असतो.

बाण आणि वाट

इष्ट स्थळाचे अक्षांश-रेखांश यंत्रात भरले की पडद्यावर एक बाण दिसतो व शेजारी अंतर उमटते. नवशिक्यास वाटते, बाणाच्या दिशेने चालू लागले म्हणजे झाले. परंतु तो बाण सरळ रेषेचा आहे. मध्ये नदी आहे की कडा, हे त्यास ठाऊक नसते. ही उणीव नकाशा भरून काढितो. नकाशावरील समोच्च रेषा दूरदूर असतील तर उतार सौम्य समजावा, दाटीने असतील तर चढ तीव्र. आणि त्या एकमेकींस भिडल्या असतील तर तेथे कडा आहे असे जाणून दुसरी वाट पाहावी. बाण ‘४०० मीटर’ म्हणत असता प्रत्यक्ष वाट तीन किलोमीटरांची निघणे, हे डोंगरी प्रदेशात नेहमीचेच आहे.

संगणकावरील नकाशा-प्रणालीचा खरा उपयोग येथे होतो. घरी बसून वाट आखावी, चढउतार पाहावेत, पाणवठे व फाटे खूणबिंदू म्हणून नोंदवावेत आणि ही सर्व माहिती यंत्रात भरून घ्यावी. मोबाइलवर नकाशा पाहणाऱ्यांनी तो आधीच उतरवून ठेवावा. उपग्रहांचे संकेत ग्रहण करण्यास मोबाइल जाळे लागत नाही. परंतु नकाशाचे चित्र त्याच जाळ्यावरून येत असेल, तर रानात कोऱ्या पडद्यावर एक ठिपका तेवढा दिसत राहील.

दिशेचाही एक बारकावा आहे. चुंबकीय होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेकडे नेमकी रोखलेली नसते. महाराष्ट्रात हा फरक एक अंशाहूनही कमी असल्याने आपल्याकडील गिर्यारोहकांस तो सहसा जाणवत नाही. बीव्हरक्रीकच्या बाजूस मात्र सुई सुमारे १५ अंश पूर्वेकडे झुकते. त्याकडे दुर्लक्ष करून एक किलोमीटर चालणारा मनुष्य इष्ट स्थळापासून सुमारे २६० मीटर बाजूस जाऊन पडेल.

यंत्र बोलत नाही

जुलै २०१३ मध्ये अमेरिकेतील ॲपलॅशियन ट्रेल या सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या पायवाटेवरून एकटीच चालणारी ६६ वर्षांची एक स्त्री मेन राज्यात काही क्षणांसाठी वाट सोडून झाडीत शिरली आणि तिला वाट परत सापडली नाही. तिने मोबाइलवरून पतीस वारंवार संदेश पाठविण्याचा प्रयत्न केला. तेथे जाळे नसल्याने एकही पोचला नाही. मोठ्या प्रमाणावर शोध घेण्यात आला, तोही व्यर्थ ठरला. तिचा मुक्काम व अवशेष २०१५ साली सापडले. रोजनिशीतील नोंदींवरून ती तीन आठवड्यांहून अधिक काळ जिवंत होती, हे उघड झाले.

या दुःखद घटनेपासून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. वाट सोडण्यापूर्वी, मग ती दहा पावलांसाठी का असेना, त्या जागेचा खूणबिंदू यंत्रात नोंदवावा आणि चाललेल्या मार्गाची नोंद सतत चालू ठेवावी. म्हणजे आल्या पावली परतता येते. दुसरी गोष्ट अशी की, जीपीएस यंत्र केवळ ऐकते, बोलत नाही. आपण कोठे आहोत हे ते आपणास सांगते, उपग्रहास वा अन्य कोणास सांगत नाही. मदतीची हाक देण्यास निराळे प्रक्षेपक साधन लागते आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी अशी साधने भारतात बाळगण्यास शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. याकरिता निघण्यापूर्वी आपली वाट, सोबती व परतण्याची वेळ कागदावर लिहून मागे राहणाऱ्या कोणाजवळ तरी द्यावी. ठरल्या वेळी आपण परतलो नाही, तर शोध कोठून सुरू करावयाचा हे त्या कागदावरून कळते.

याखेरीज विद्युत्घट जादा घ्यावेत; थंडीत ते लवकर क्षीण होतात, म्हणून अंगालगत ठेवावेत. कागदी नकाशा व होकायंत्र सोबत असू द्यावे. डबा ठेविणाऱ्याने जमिनीच्या मालकाची वा वनखात्याची अनुमती घ्यावी, जमीन उकरू नये, खाद्यपदार्थ ठेवू नयेत. कारण त्यांच्या वासाने प्राणी येतात.

प्रथम अभ्यासासाठी रानात जाण्याचीही गरज नाही. आपल्या गावातील एखाद्या ठळक जागी, उदाहरणार्थ शाळेच्या पटांगणाच्या कोपऱ्यात, यंत्र घेऊन उभे राहावे. तेथील अक्षांश-रेखांश तिन्ही पद्धतींनी लिहून घ्यावेत, नकाशावर ती जागा शोधावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच उभे राहून नवी संख्या जुनीशी ताडून पाहावी. दोहोंत काही मीटरांचा फरक पडेल. तो का पडला याचे उत्तर ज्यास देता येईल, त्यास हे यंत्र घेऊन डोंगरवाटेस लागण्यास हरकत नाही.