बोअरचं पाणी आणि आपला गीझर



थंडी तोंडावर आली. गटातून कर्ज घेऊन आपल्यापैकी कित्येकींनी घरी गीझर बसवला. पहाटेचा धूर गेला, सरपणाची वणवण थांबली. पण कर्जाचे हप्ते फिटायच्या आतच गीझर गळायला लागला तर? यामागचं एक मोठं कारण म्हणजे बोअरचं क्षाराचं पाणी.

पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, तो तुम्ही पाहिलाच असेल. तसाच थर गीझरच्या कॉईलवर बसतो. मग पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं आणि शेवटी कॉईल जळते. २००० वॅटचा गीझर तासभर पाणी तापवत राहिला तर २ युनिट वीज लागते, हे ध्यानात घ्या.

बहुतेक टाक्यांमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. मिस्त्री तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. कांडी संपली की गंज टाकीलाच लागतो. कॉईल बदलता येते, पण टाकी गंजून गळाली की नवा गीझरच घ्यावा लागतो.

मग काय करायचं?

१. दिवाळीआधी आपण बंब चिंचेनं घासायचो ना? तसाच वर्षातून एकदा मिस्त्रीकडून गीझर उघडून साफ करून घ्या. कांडी झिजली असेल तर बदला. गीझर स्वतः उघडू नका. वॉरंटी असेल तर कंपनीचाच मिस्त्री बोलवा.

२. तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवा. पाणी जास्त तापलं की थरही जास्त बसतो.

३. नळाला पाणी आल्याशिवाय बटण दाबू नका. रिकाम्या टाकीत कॉईल लगेच जळते. गावात पाणी दिवसाआड येत असेल तर हे आधी बघा.

४. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडले तर घाबरू नका. तो कापडानं किंवा बूच लावून बंद मात्र कधीच करू नका, आतला दाब वाढून टाकी फुटू शकते.

५. अर्थिंग नीट आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. आंघोळीला जाण्याआधी बटण बंद करा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गीझर लगेच बंद करा आणि दुरुस्त झाल्याशिवाय लावू नका. इथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. पाच-सहा घरचे गीझर एकाच दिवशी साफ करून घेतले, तर मिस्त्रीच्या येण्याजाण्याचा खर्च वाटून जाईल. साफ केल्याची तारीख आणि पावती गटाच्या पासबुकातच ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी आठवण राहील.