दगडी पाल्याची परंपरा किती जुनी?

बांधावर, पडीक रानात, रस्त्याकडेच्या मुरमात, अगदी शहरातल्या भिंतीच्या फटीतही दगडी पाला उगवतो. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. केसाळ, खरखरीत, कातरलेल्या कडांची पानं आणि सडपातळ दांड्यावर एकुलतं एक पिवळट-पांढरं फूल, ही त्याची खूण. हाताला विळा लागला की हा पाला चुरगळून रस जखमेवर पिळायचा, हा शेतातला रुळलेला उपचार. अशा उपचारांना ‘हजारो वर्षांचं ज्ञान’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. इथे ते चालणार नाही. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे शास्त्रीय नाव असलेलं हे तण मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतरच ते कधीतरी इकडे आलं. चरक-सुश्रुतांच्या पाहण्यात ते असणं शक्य नाही.

यामुळे उपचाराची किंमत घटते, असं मला वाटत नाही. कुठल्याही जुन्या ग्रंथाचा आधार नसलेलं एक उपरं तण लोकांनी ओळखीचं केलं आणि कामाला लावलं. परंपरा चालती असल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? ते माक्याच्याच कुळातलं आहे, तेव्हा सुरुवात निव्वळ साधर्म्यावरून झाली असेलही. खरा आक्षेप वेगळा आहे. किरकोळ जखम तशीही भरते आणि दाबून धरलं की रक्त थांबतं, मग श्रेय पाल्याला का? शेतातल्या अनुभवाकडे याचं उत्तर नाही, कारण पाला न लावलेली तशीच दुसरी जखम तुलनेला नसते. ती तुलना प्रयोगशाळेत झाली. १९८० च्या दशकात भारतात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे रेंगाळलेलं जखमेचं भरणं या वनस्पतीच्या अर्काने काही अंशी सुधारलं. म्हणजे लोकांचं निरीक्षण अगदीच हवेतलं नव्हतं. मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रयोगातला मोजून दिलेला अर्क म्हणजे गुरांच्या वाटेवरून खुडलेला पाला नव्हे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. त्यामुळे शेतात झालेली जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायला हवी, आणि ती खोल असेल तर पाला शोधण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठायला हवा.