शिरेतून जेवण: पिशवी लावण्याआधी लेबल वाचा

आतड्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेत काढावा लागला, तर खाल्लेले अंगी लागत नाही. अशा रुग्णाला ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्धांश, क्षार आणि जीवनसत्त्वे मिसळलेली पिशवी मोठ्या शिरेतून द्यावी लागते. अमेरिका-युरोपात अनेक जण ती घरीच, रात्री झोपेत लावून घेतात. आपल्याकडे ही सोय अजून मोजक्यांनाच मिळते. नातेवाईक तिला 'सलाईन' म्हणतात. पण या पिशवीत चाळीसच्या आसपास घटक असू शकतात, आणि ते फार्मसीत माणसाच्या देखरेखीखाली मिसळले जातात. चूक तिथे होते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल १९९४ मध्ये दोन मृत्यूंनंतर इशारा दिला होता. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे प्रमाण वा मिसळण्याचा क्रम चुकला, तर त्यांचा साका होतो. हे कण फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. स्निग्धांशामुळे पिशवी दुधासारखी पांढरी असते, त्यात कण दिसणार कसे? म्हणून फॉस्फेट आधी, कॅल्शियम शेवटी, आणि नळीला गाळणी. ही गाळणी खर्च वाचवण्यासाठी कधीही काढू नये.

दुसरी चूक एककाची. २००६ मध्ये लास व्हेगासच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी जस्ताची मात्रा मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये नोंदली गेली. हजारपट! यंत्रात कमाल मर्यादा घातलेली नव्हती. जस्त पुन्हा पुन्हा भरावे लागले, तरी कोणी थांबले नाही. बाळ दगावले. यंत्र सांगितले तेवढेच करते. म्हणून मर्यादा आधी ठरवणे आणि दुसऱ्या फार्मासिस्टने स्वतंत्रपणे आकडे तपासणे, याला पर्याय नाही.

घरी मात्र शेवटची तपासणी रुग्णाच्या किंवा पिशवी लावणाऱ्याच्या हातात असते. मी मागची रिकामी पिशवी, निदान तिचे लेबल, जपून ठेवायला सांगतो. नवे लेबल शेजारी धरा: नाव, वापरण्याची मुदत, एकूण मिलिलिटर, ग्लुकोज, पोटॅशियम, इन्सुलिन, किती तासांत द्यायचे. डॉक्टरांनी न सांगता एखादा आकडा बदलला असेल, तर आधी फोन. पांढऱ्या पिशवीत पिवळसर तेलाचा थर किंवा थेंब सुटे दिसले, बिनस्निग्धांशाच्या पिशवीत उजेडात गढूळपणा दिसला, तर ती लावू नका.

फेकूही नका. फ्रिजमध्ये वेगळी ठेवा, फार्मसीला तपासायला लागेल. त्या रात्री काय द्यायचे ते डॉक्टर सांगतील. पिशवी चालू असताना थंडी वाजून ताप आला किंवा धाप लागली, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा; येताना पिशवी सोबत आणा.