लेखांक ७ : काजूच्या बागेतला माकडताप

गेल्या आठवड्यात डासांचा विषय संपवला, आज गोचिडींकडे वळू. गुरांच्या अंगावरची टम्म फुगलेली गोचीड कुणालाही ओळखता येते. माणसाला खरा धोका असतो तो जंगली गोचिडीच्या पिल्लापासून. ते जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढं असतं. पातेऱ्यात किंवा गवताच्या पात्यावर दबा धरून बसतं आणि अंग घासलं की कपड्यावर चढतं. चावा दुखत नाही, म्हणून पत्ताच लागत नाही.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. आधी संशय आला पीतज्वराचा. तो भारतात कधीच नव्हता, त्यामुळे धास्ती मोठी होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, विषाणू शोधला तेव्हा तो सर्वस्वी नवा आणि गोचिडींतून पसरणारा निघाला. हाच तो माकडताप. कित्येक दशकं तिकडेच राहिलेला हा आजार पुढे सह्याद्रीच्या आधाराने पसरला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केर गावी आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला रुग्ण सापडले.

यातले बरेचसे रुग्ण काजूच्या बागांत राबणारे होते, आणि त्याचं कारण कामातच आहे. गोचिडीची पिल्लं हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत जोरात असतात, काजूचा हंगामही नेमका तेव्हाच. बाई ओणवी होऊन हाताने पातेरा सारते, पडलेला बोंडू उचलते, पिळून बी काढते. दुपारी त्याच झाडाखाली बसून भाकरी खाते. संध्याकाळी गोठ्यात अंथरायला पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन घरी येते. त्या भाऱ्यातून गोचिडीही घरी येतात.

माकड हे या रोगाचं मूळ नव्हे, तेही बळीच. मात्र ते मेलं की त्याच्या अंगावरच्या विषाणू घेतलेल्या गोचिडी तिथेच खाली उतरतात आणि जागा धोक्याची होते. म्हणून मेलेल्या माकडाला हात लावू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. भोवतालच्या पन्नास फुटांत कीटकनाशक भुकटी मारली जाते आणि ते काम लवकर झालं तरच उपयोग.

चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप भरतो. डोकं, कंबर, पिंढऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी काहींना तो परत येतो, तेव्हा मान आखडणं, बरळणं अशी मेंदूची लक्षणं दिसतात. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. प्लेटलेट कमी झाल्याने डेंग्यू वाटू शकतो, म्हणून डॉक्टरांना 'मी काजूत जाते' हे आवर्जून सांगा. रक्तस्रावाचा धोका असल्याने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नका. विषाणूवर नेमकं औषध नाही, सलाइन आणि योग्य देखरेख यांवरच रुग्ण बरा होतो. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकणं सर्वस्वी चुकीचं.

जुनी लस पुरेशी परिणामकारक नव्हती, ती आता दिली जात नाही. भिस्त आहे ती खबरदारीवर. पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट किंवा लेगिंग्ज, आणि उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करा. काखा, जांघा, गुडघ्यामागची लवण आणि केसांची मुळं नीट पाहा. गोचीड रुतलेली दिसली तर तिच्यावर रॉकेल ओतू नका, काडी लावू नका, नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि जागा साबणाने धुवा.

जंगलात जाऊ नका, हा सल्ला रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला देण्यात अर्थ नाही. तेल आणि पायमोजे ही बागमालकाची जबाबदारी आहे, मजुरीइतकीच. ज्यांच्या बागा आहेत त्यांनी हंगामाआधीच आरोग्य केंद्रातून तेल आणून ठेवावं आणि केंद्राचा फोन नंबर बागेतल्या प्रत्येकाकडे द्यावा.

पुढील लेखात : गोचीड नव्हे, पण तिच्याच कुळातल्या चिगर किड्यामुळे होणारा स्क्रब टायफस.