लग्नाची कॅसेट आणि धवळ्यांचा आवाज

दसऱ्याच्या आधी घर काढताना गाद्या, गोधड्या, ठेवणीतल्या साड्या, सगळ्यांना वारा मिळतो. वरच्या खणातली लग्नाची व्हिडिओ कॅसेट मात्र जागची हलत नाही. आता लावायला व्हीसीआर कुठे आहे, असे म्हणून आपण कपाटाचे दार ओढून घेतो, आणि आणखी एक पावसाळा तिच्या अंगावर जातो.

१९८२ च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि लग्नात व्हिडिओ काढायची पद्धत हळूहळू गावागावांत पोहोचली. आता व्हीसीआर बनवणेच थांबले आहे. जपानमधल्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत आपला कारखाना थांबवला, आणि नवीन व्हीसीआर तयार करणारे मग कुणी उरले नाही. चालू स्थितीतले यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर, दोन्ही दरवर्षी कमी होणार. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

शिवाय आमच्या भागात एक वेगळीच गोष्ट त्या फितीत अडकली आहे. शहापूर-मुरबाडकडच्या कुणबी आणि आगरी घरांत हळदीपासून प्रत्येक विधीला धवळे म्हणतात. ते म्हणणारी धवलारीण. वारल्यांच्या लग्नात तर लग्न लावण्याचा मान धवलेरीचा असतो. हे सगळे तोंडपाठ, आजीकडून नातीकडे आलेले. आमच्या वन्संचे लग्न १९९६ सालचे. त्यात धवळे म्हणणाऱ्या दोघी आज हयात नाहीत आणि आमच्या आजेसासूबाईही नाहीत. तिघींचा आवाज कुठे असेल तर त्या कॅसेटमध्ये.

काही वर्षांपूर्वी सासऱ्यांनी एका स्टुडिओतून तिची डीव्हीडी करून आणली होती. ती लावली, तर मांडवातली माणसे आडवी ताणलेली, वन्सं दुप्पट रुंद, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत सिनेमाची गाणी! धवळ्यांचा शब्द ऐकू येईल तर शपथ. ‘जुना आवाज खरखरीत होता, म्हणून छान गाणी टाकली,’ असे उत्तर मिळाले. सासूबाईंनी मूळ कॅसेट जुन्या म्हणून भंगारात दिली नव्हती, एवढेच आमचे नशीब. डीव्हीडी झाली म्हणून कॅसेट टाकू नका, हे मी ज्याला त्याला सांगत असते.

आता कामाचे बोलू. कॅसेट हाती आली की लगेच यंत्रात घालू नये. तिच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळलेल्या फितीकडे उजेडात पाहावे. लोणच्यावर बुरा धरतो तसे पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट लावली तर फीत तुटू शकतेच, शिवाय बुरशी यंत्राला लागते आणि त्यातून दुसऱ्या चांगल्या कॅसेटला. अशी कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठ-दहा दिवस ठेवावी आणि मग सफाईला जाणकाराकडे द्यावी. ऊन नको, केस वाळवायचे यंत्र नको, डब्यात तांदूळही नकोत. तांदळाची भुकटी आत जाते. फीत स्वच्छ असेल तर आधी कण्याकडची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्यावी. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर फीत असते. वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेली ती थोडी मोकळी होते.

चित्र नीट येत नाही म्हणजे कॅसेट गेली, असे समजू नका. आवाज स्वच्छ पण पडद्यावर नुसता बर्फ, तर बहुधा यंत्राच्या फिरत्या डोक्यावर मळ बसला आहे. ते साफ करायला कानात घालायची कापसाची काडी कधीही वापरू नये. तिचे धागे अडकून नाजूक टोक मोडते. पडद्यावर आडवा पट्टा सरकत असेल तर ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवावे. याउलट चित्र ठीक आणि आवाज दबलेला, तर दोष वेगळ्या ठिकाणी शोधावा, कारण साधा आवाज फितीच्या काठावरच्या अगदी अरुंद पट्टीत भरलेला असतो आणि तो वाचणारे डोके निराळे. काठ चुरगळला की पहिला जातो तो आवाज. आमच्यासारखीला चित्रापेक्षा आवाजाची ओढ जास्त, म्हणून फितीला बोट लावू न देणे हे सगळ्यात मोठे पथ्य.

ह्यांच्या मावसभावाकडे कल्याणला चालू व्हीसीआर निघाला. तो घरी आणून, कॅप्चरचे छोटे उपकरण लावून, कॅसेट संगणकात घेतली. पिवळी वायर चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. जुन्या यंत्राला आवाजाचे एकच भोक असते. त्यात पांढरी घालावी. आवाज एकाच कानात आला तरी हरकत नाही, सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे करता येतो. चित्र काळेपांढरे दिसले किंवा गरगरले तर सेटिंगमध्ये पाल निवडले आहे ना, ते पाहावे. आपल्याकडची पद्धत ती. इथे घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. तरी सलग भरू नये. काही चौकटी गळतात आणि तासाभरात ओठ पुढे, शब्द मागे असे होते. वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करून घ्यावेत, प्रत्येक तुकडा जागच्या जागी तपासावा.

आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, व्हीसीआरला नसते. मधेच वीज गेली तर फीत आतल्या चाकांना वेढलेलीच राहते. ओढून काढायचा मोह होतो, पण तसेच ठेवून वीज येण्याची वाट पाहावी. यंत्र चालू झाल्यावर फीत आपोआप मागे घेते.

जुळणीसाठी मी शॉटकट वापरते. फुकट आहे आणि साध्या संगणकावर चालते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे तुकडेही त्यावरच जोडते. एकदा सगळे लाल होऊन ‘फाइल सापडत नाही’ असे आले की बायका घाबरतात. अहो, सॉफ्टवेअरच्या त्या फाइलमध्ये चित्रण नसतेच, चित्रणाचा पत्ता असतो. आपण मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली की बिऱ्हाड बदलल्यासारखे होते. ती परत जागेवर ठेवावी, नाहीतर नवा पत्ता दाखवावा. चौकट चारास तीन ठेवावी, म्हणजे नवरी रुंद होत नाही. माणसे हलताना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस चालू करावे. खरखर कमी करण्याची सोय जपून वापरावी. जास्त केली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. थोडी खरखर राहू दे.

हे तांत्रिक काम बायकांचे नव्हे, असे आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांना मी सरस्वतीबाई फाळक्यांचे सांगितले. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होत होता तेव्हा कच्च्या फिल्मला भोके पाडलेली नसत; ती काळोखात बसून पाडायची, औषधे कालवायची, आणि दिवसा साऱ्या कंपनीचा स्वयंपाकही करायचा, हे सगळे त्यांनी केले. काकू गप्प झाल्या नाहीत, पण आपली कॅसेट मात्र घेऊन आल्या!

तयार झालेली मूळ फाइल कापाकापी न करता तशीच ठेवावी. आमची एक प्रत घरी, एक वन्संकडे आणि एक कल्याणला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता व्हिडिओ पाठवला की तो बारीक होऊन जातो. पेन ड्राइव्ह द्यावा.

सध्या रविवारी दुपारी सासूबाई आणि मी हळदीचा तुकडा लावून बसतो. धवळ्याची एक ओळ झाली की मी थांबवते, त्या शब्द सांगतात, मी वहीत लिहिते. निम्म्या ओळी त्यांनाही लागत नाहीत. त्यासाठी पलीकडच्या पाड्यावरच्या एका आजींना बोलावले आहे. भात झोडून झाला की येईन म्हणाल्या आहेत.