मोटारीतील गारवा आणि त्याचा पट्टा

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूर शहरात एके काळी पंख्यावाचूनही उन्हाळा सरत असे, असे तेथील जुनी मंडळी अभिमानाने सांगतात. त्याच शहरात २४ एप्रिल २०१६ रोजी ३९.२ अंश सेल्सिअस इतके उष्णतामान नोंदले गेले. मोटारीतील वातानुकूलन ही पूर्वी तेथे चैन मानली जाई; आता तशी कोणी मानीत नाही. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली, की बंगळुरातील मराठी कुटुंबे कोल्हापूर-पुण्याकडे निघतात. तुमकूर मागे पडते, चित्रदुर्गाचे खडकाळ माळरान लागते, आणि अशा भर दुपारी एंजिनाच्या बाजूने एकाएकी कर्कश किंचाळी ऐकू येते. पाठोपाठ जळक्या रबराचा वास येतो. चालकापुढील फलकावर बॅटरीचा तांबडा दिवा लागतो आणि गार हवा बंद पडते. गारवा गेला तर गेला, खिडक्या उघडून पुढे जाऊ, असे म्हणून चालक गाडी हाकीत राहतो. या समजुतीपायी काही मैलांच्या आत सबंध एंजिन निकामी होऊ शकते. गार हवेचा आणि एंजिनाच्या प्राणाचा असा संबंध कसा जडला, हे समजण्यासाठी या यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे.

माठातील पाणी गार का होते, हे आपण जाणतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेते. मोटारीतील यंत्र याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच, की माठातून उडालेली वाफ परत येत नाही. येथे ती पकडून, पुन्हा द्रव करून, पुन्हा उडवावयाची असते. या कामी जो पदार्थ वापरतात त्याला प्रशीतक म्हणतात. भारतातील बहुतेक मोटारींत तो आर-१३४ए या नावाचा असतो आणि साध्या वातावरणीय दाबाखाली तो शून्याखाली २६ अंशांवरच उकळतो. चालकापुढील फलकामागे दडविलेल्या जाळीदार नळ्यांत, म्हणजे बाष्पकात, तो उकळतो व गाडीतील हवेची उष्णता शोषून घेतो. ही वाफ ओढून घेऊन तिच्यावर दाब देणारे यंत्र म्हणजे संपीडक. पारिभाषिक कोशांतला हा शब्द यथार्थ आहे. परंतु कारखान्यात कोणी ‘संपीडक’ मागितल्यास कारागीर त्याच्याकडे पाहतच राहील. बंगळुरात काय आणि बेळगावात काय, तो ‘कॉम्प्रेसर’च. येथेही आपण तोच शब्द वापरू.

दाबलेली वाफ तापते. साठ अंशांवर तिचे द्रवात रूपांतर व्हावयाचे, तर दाब वातावरणाच्या सुमारे सोळा-सतरा पट लागतो. ही तप्त वाफ गाडीच्या तोंडाशी असलेल्या संघनकात जाते, बाहेरच्या वाऱ्याने निवते, द्रव होते आणि एका अरुंद झडपेतून पुन्हा बाष्पकात येते. बाहेरची हवा चाळीस अंशांची असली, तरी साठ अंशांच्या वाफेपुढे ती थंडच. गाडी वाहतुकीच्या कोंडीत तिष्ठत राहिली, की संघनकावर वारा येत नाही. सगळा भार विजेच्या पंख्यावर पडतो, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरला अधिक बळ लावावे लागते. बंगळुरातील रस्त्यांचा अनुभव असलेल्या वाचकास याहून अधिक सांगावयास नको.

कॉम्प्रेसरला हे बळ मिळते एंजिनाकडून, एका रबरी पट्ट्यामार्फत. १९३९ साली अमेरिकेतील पॅकार्ड या कंपनीने १९४० च्या गाड्यांसाठी वातानुकूलनाची सोय जाहीर केली, तेव्हा कॉम्प्रेसर बंद करण्याची काही तजवीजच नव्हती. गारवा नको असेल, तर एंजिन थांबवावयाचे, झाकण उघडावयाचे आणि पट्टा हाताने उतरवून ठेवावयाचा! पुढे विद्युत्-चुंबकाच्या क्लचने ही अडचण दूर केली. पट्ट्यावरची कप्पी सदैव फिरतच असते. कळ दाबली, की चुंबक कॉम्प्रेसरचा आस तिला जोडतो आणि कळ सोडली, की तो सुटतो. म्हणजे वातानुकूलन बंद असतानाही कप्पी आणि तिच्या आतील बेअरिंग यांना विसावा नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दोष कोठे आहे हे तिच्यावरून कळते.

जुन्या मोटारींत कॉम्प्रेसरसाठी बहुधा वेगळा पट्टा असे. तो तुटला, तर गारव्याखेरीज काही जात नसे. अडकला, तर कापून काढून पुढे जाता येई. नंतरच्या अनेक गाड्यांत एकच लांब, उभ्या खाचांचा पट्टा सर्पाकृती वळणे घेत सर्व कप्प्यांवरून फिरतो. वीज निर्माण करणारे जनित्र, सुकाणूला मदत करणारा पंप, पुष्कळ गाड्यांत एंजिन थंड राखणारा पाण्याचा पंप आणि कॉम्प्रेसर, अशी सारी मंडळी एकाच दोरीला बांधलेली असतात. कप्पीचे बेअरिंग जाम झाले, किंवा क्लच जोडलेला असताना कॉम्प्रेसर आतून अडकला, की पट्टा त्या थांबलेल्या कप्पीवर घासला जातो, पेटल्यासारखा तापतो आणि तुटतो. त्याच क्षणी जनित्र थांबते, म्हणून तांबडा दिवा लागतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल, तर तोही थांबतो आणि एंजिन काही मिनिटांत उकळू लागते. अॅल्युमिनियमचे शीर्ष एकदा वाकले, तर त्याच्या दुरुस्तीपुढे कॉम्प्रेसरची किंमत किरकोळ वाटेल. म्हणून तांबडा दिवा आणि रबराचा वास ही जोडी एकत्र दिसताच गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन एंजिन बंद करावे. पाण्याचा पंप वेगळ्या पट्ट्यावर असल्याची खात्री असेल, तरच बॅटरीच्या शिलकीवर जवळच्या गावापर्यंत जाण्याचा विचार करावा.

पट्टा तुटण्यापूर्वी बहुधा सूचना मिळते. वातानुकूलन बंद असतानाही घरघर येत असेल, तर संशय कप्पीच्या बेअरिंगवर घ्यावा, कारण ती अखंड फिरत असते. कळ दाबल्यावरच आवाज येत असेल, तर दोष क्लचमध्ये किंवा कॉम्प्रेसरच्या पोटात असतो. एंजिन बंद करून ते निवल्यावर क्लचची पुढील चकती हाताने फिरवून पाहता येते. ती मुळीच फिरत नसेल, तर आतील दट्टे अडकले असे समजावे. दोष पोटात असून कप्पी निर्वेध फिरत असेल, तर वातानुकूलनाची कळ बंद ठेवून घर गाठता येते; क्लचचा फ्यूज काढून ठेवला, तर चुकून कळ दाबली जाण्याची भीतीही राहत नाही. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. तेथे ही युक्ती चालत नाही.

मोठा खर्च टाळण्यासाठी कॉम्प्रेसर वगळून आखूड पट्टा चढवावा, अशी सूचना पुष्कळदा होते. बंगळुरातील जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत. हव्या त्या मापाचा पट्टा तेथे शोधता येतो. परंतु केवळ लांबी जुळून भागत नाही. खांबाला दोर गुंडाळून होडी रोखून धरणारा नावाडी जे जाणतो, तेच येथे लागू पडते: पकड ठरते ती दोराने किती कोनातून वेढा घातला आहे यावर. घर्षणांक ०.३ धरला, तर अर्ध्या वेढ्याने दोरीच्या एका टोकावरील ताण दुसऱ्या टोकावर सुमारे अडीच पट धरला जातो, पूर्ण वेढ्याने साडेसहा पट, आणि दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून अधिक. हे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले. कॉम्प्रेसरची कप्पी वगळली, की पट्ट्याचा मार्ग बदलतो, शेजारच्या कप्पीवरील वेढा कमी होतो आणि पट्टा घसरू लागतो. याहून वाईट म्हणजे पट्ट्याची सपाट पाठ ज्या कप्पीला फिरवीत होती, तिला चुकीच्या मार्गाने आतली बाजू लागली, तर ती कप्पी उलट फिरेल. पाण्याचा पंप उलट फिरला, तर पट्टा शाबूत असूनही एंजिन तापेल. त्या गाडीच्या विना-वातानुकूलन प्रकारात निर्मात्यानेच जो मार्ग दिला असेल, तोच निर्धास्तपणे घ्यावा.

कॉम्प्रेसर मुळात अडकतो का? पुष्कळदा त्याचे कारण असते एक क्षुल्लक गळती. या यंत्रातील वंगण प्रशीतकाबरोबर सर्व नळ्यांतून हिंडत असते. प्रशीतक कमी झाले, की वंगण परत येईनासे होते आणि दट्टे कोरडे घासू लागतात. आसाभोवतीच्या रबरी कड्यातूनही प्रशीतक पाझरते. हे कडे वंगणाने ओले राहावे लागते. बंगळुरात थंडीचे महिने गार हवेवाचून जातात आणि कडे सुकते. त्या दिवसांतही आठवड्यातून दहा मिनिटे वातानुकूलन चालवावे. मालकांच्या काटकसरीला हा सल्ला रुचत नाही, पण तो खरा आहे.

कॉम्प्रेसर आतून झिजून मोडला असेल, तर धातूचा कीस सर्व नळ्यांत पसरलेला असतो. अशा वेळी केवळ नवा कॉम्प्रेसर बसविणे म्हणजे त्याला जुन्याचीच गत प्राप्त करून देणे होय. ओलावा शोषणारी कुपी व प्रसरण झडप बदलावी. आजच्या सूक्ष्म नळ्यांच्या संघनकातून कीस धुऊन निघत नसल्याने तोही बहुधा बदलावा लागतो.

मग नळ्यांतील हवा व ओलावा पंपाने उपसून काढतात. दाब पुरेसा कमी झाला, की आतील पाणी खोलीच्या उष्णतामानासच उकळून निघून जाते. ३० अंशांवर त्यासाठी दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरखाली यावा लागतो. येथे बंगळूरची उंची एक गंमत करते. मुंबईत पूर्ण निर्वात झाल्यावर दाबमापक जवळजवळ ३० इंच दाखवितो, कारण तो बाहेरच्या हवेशी तुलना करून मोजतो. बंगळुरात बाहेरचीच हवा विरळ. तेथे मापकाचा काटा २७ इंचांच्या आसपास थांबणारच. पुस्तकातील २९ इंचांची वाट पाहत बसणारा नवशिका पंपाला विनाकारण दोष देईल. उलट २६ इंचांवर बंगळुरात काम बहुतांशी झालेले असते. आत उरलेल्या दाबाखाली पाणी सुमारे २४ अंशांवर उकळते. मुंबईत त्याच २६ इंचांवर ते ५१ अंशांपर्यंत उकळणार नाही आणि ओलावा आतच राहील.

जुने प्रशीतक हवेत सोडून देण्याची रीत मात्र टाकली पाहिजे. पूर्वीच्या आर-१२ ने ओझोनच्या थराला इजा होते, असा इशारा मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली दिला. १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु वातावरण तापविण्याच्या कामी ते वजनावारी कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. यंत्राने ते परत ओढून घेणारा कारखाना निवडावा.

२००१ साली बंगळुरात रेवा ही विजेची मोटार निघाली. विजेच्या मोटारींत एंजिनच नसल्याने कॉम्प्रेसरला पट्टाही लागत नाही. आजच्या गाड्यांत त्याच्या पोटातच स्वतंत्र विद्युत्-चलित्र असते. अशा कॉम्प्रेसरमध्ये पट्ट्याच्या कॉम्प्रेसरचे नेहमीचे वंगण घातले, तर विद्युत्-रोधन बिघडून गाडीच्या सांगाड्यात वीज उतरण्याचा धोका असतो. त्यासाठी निर्मात्याने सांगितलेले वेगळे वंगणच वापरावे लागते.