खोबरेल गोठलं, मग गाडीचं तेल?

भाऊबीजेला मी ताईकडे जानेफळला गेलो होतो. मेहकरहून खामगावकडे निघालं की वाटेत लागतं ते जानेफळ. पहाटे आंघोळीच्या वेळी खोबरेलाची बाटली उलटी धरली, तर थेंब पडेना! आत पांढराशुभ्र गोळा. ताईने बाटली चुलीशेजारी नेऊन ठेवली. भाची मात्र अंगणातल्या माझ्या गाडीकडे बघत बसली.

"मामा, तुमच्या गाडीतलं तेल पण गोठलं असेल ना?"

प्रश्न झकास होता. त्यातून माझा त्या दिवशीचा बेतच मुळी तेल बदलायचा होता. इतकी वर्षं गाडीत साधं इंजिन ऑइल घालत आलो, आता सिंथेटिक घालायचं ठरवलं होतं.

आधी हे तेल पोटात शिरून करतं काय, ते ऐका. गाडी जोरात पळत असते तेव्हा इंजिनातला मुख्य दांडा मिनिटाला ३००० फेरे सहज घेतो. म्हणजे सेकंदाला ५०. तुम्ही 'जानेफळ' एवढं म्हणेपर्यंत प्रत्येक दट्ट्या पन्नासदा वर आणि पन्नासदा खाली जाऊन येतो! लोखंडावर लोखंड असं घासलं तर इंजिन काही मिनिटांत जाम होईल. म्हणून मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, तुमच्या केसापेक्षाही कितीतरी पातळ. तेच तेल उष्णता वाहून नेतं आणि काजळीही उचलून स्वतःत धरून ठेवतं. तेल काळं पडलं की लोक नाक मुरडतात. मला वाटतं, त्याला शाबासकी द्यायला हवी. घर झाडल्यावर केरसुणी पांढरी राहते का?

आता एक प्रयोग करा. अंगणात मूठभर मुरूम पसरा, लहानमोठे खडे आहेत तसेच. त्यावर लाकडी पाट ठेवून ढकला. पाट अडखळतो, कुरकुरतो. आता मुरूम झाडून तिथे ज्वारीचे दाणे पसरा, आणि पुन्हा ढकला. सुळ्ळकन! (प्रयोग झाला की दाणे गोळा करून कोंबड्यांना घाला, नाहीतर आजी तुम्हाला ढकलेल.)

साधं तेल म्हणजे मुरूम आणि सिंथेटिक म्हणजे ज्वारी. तेलाचे रेणू काही दाण्यांसारखे गोल नसतात, साखळ्यांसारखे असतात. पण एकसारखेपणाची गंमत तीच.

साधं तेल जमिनीतून काढलेल्या खनिज तेलापासून येतं. कारखान्यात ते तापवून वेगवेगळं करतात, पण ही चाळणी तशी ढोबळच. त्यामुळे त्यात हरतऱ्हेचे रेणू राहून जातात. काही मेणासारखे, लांब आणि सरळ. थंडी वाढली की ते एकमेकांना चिकटून बसतात, म्हणजे खोबरेलासारखीच गत! काही फार लहान, ते उन्हाळ्यात इंजिन तापलं की वाफ होऊन उडून जातात.

सिंथेटिकमध्ये चाळण्याची भानगडच ठेवली नाही. रेणूच बांधायचा! त्याच्या एका प्रकारात दहा-दहा कार्बनचे तुकडे तयार करतात आणि आगगाडीचे डबे जोडावेत तसे तीन किंवा चार तुकडे जोडतात. सगळ्या गाड्या जवळपास सारख्या.

आतली एक गोष्ट सांगतो. डब्यावर 'सिंथेटिक' लिहिलेलं प्रत्येक तेल असं मुळापासून बांधलेलं नसतं. पुष्कळ तेलं खनिज तेलाचेच रेणू मोठ्या दाबाखाली हायड्रोजन वापरून तोडून आणि नव्याने रचून केलेली असतात. याला सिंथेटिक म्हणायचं की नाही, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांचं चांगलंच वाजलं. १९९९ साली जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या मंडळाने निवाडा दिला की म्हणायला हरकत नाही. तेल चांगलं असतं, हे खरंच. पण मोठी माणसंसुद्धा शब्दांवरून किती भांडतात बघा!

डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असं काहीतरी छापलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत जास्त वाहतं. ५ डब्ल्यू तेल थंड इंजिनात कसं वागतं, ते शून्याखाली ३० अंशांवर तपासतात. आता जानेफळात एवढी थंडी कुठली पडायला? लेहमध्ये राहणाऱ्याला या आकड्याचं कौतुक. तरी पहाटे किल्ली फिरवल्यावर तेल झटपट वरच्या भागांपर्यंत पोचलं तर इथल्या इंजिनालाही ते हवंच असतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा: १०० अंशांवर तेल किती दाट राहतं, ते तो सांगतो.

आमच्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. मेहकरजवळून समृद्धी महामार्गावर चढायचं आणि तापलेल्या सिमेंटवरून नागपूरपर्यंत न थांबता जायचं. तासन्‌तास उकळत्या पाण्याइतकं गरम राहूनही तेलाने पातळ होऊन उडून जायचं नाही. तिथे ज्वारीचे दाणे मुरमाला हरवतात.

दुपारी मिस्त्रीकडे गेलो. इंजिन कोमट असतानाच त्याने खालचा नट काढला, कारण गरम तेल भराभर उतरतं. काळीभोर धार लागली. भाचीचे आजोबाही सोबत आले होते. नव्या डब्याची किंमत ऐकून म्हणाले, "पाव्हणे, आमच्या गाडीले तं नळ्यातलं वंगण पुरत होतं!" त्यांची गाडी म्हणजे बैलगाडी.

"पण मामा, थोडं साधं आत राहिलं, तर दोन्ही तेलांचं भांडण होईल का?" भाचीने विचारलं.

नाही होत. ती दोन्ही एकमेकांत मिसळतात. एकदा सिंथेटिक घातलं की पुन्हा साधं चालत नाही, असं लोक सांगतात, तेही खरं नाही. जुन्या गाडीत मात्र एक गंमत होऊ शकते. रबरी सील झिजलेलं असतं आणि वर्षानुवर्षांच्या मळाने भेग बुजलेली असते. नवं तेल तो मळ धुऊन काढतं आणि गळती सुरू होते! दोष सीलचा, बोल लागतो तेलाला. म्हणून मिस्त्रीने आधी वाकून खालून सगळं तपासलं. फिल्टरही नवा बसवला. डबा निवडला तो गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघून.

परतताना आजोबांनी बांधावरचा एरंड दाखवला. मग मला राहवेना. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच घालत. न जळलेलं एरंडेल वैमानिकांच्या तोंडावर उडायचं, थोडं पोटात जायचं, आणि पुढे काय व्हायचं ते आजीला विचारा! कॅस्ट्रॉल हे १९०९ सालचं नावही कॅस्टर, म्हणजे एरंड, यावरूनच आलं. पुढे जेट विमानं आली. त्यांच्यासाठी जी सिंथेटिक तेलं बनवली, त्यांतल्या काहींचा कच्चा मालही एरंडेलातूनच काढलेला. (बिया मात्र तोंडात घालू नका, त्या विषारी असतात.)

भाची बराच वेळ गप्प होती. घरी पोचून मी बोनेट उघडून तेलाची पट्टी बघत होतो, तेवढ्यात ती मागून आली. ओंजळीत एरंडाची काटेरी बोंडं.

"मामा, हे किती टाकू?"

मी धाडकन बोनेट लावलं.